शोधनिबंध कोणासाठी? : ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’च्या जन्माच्या निमित्ताने

१

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी संशोधनास लागला की वर्ष-दीड वर्षाच्या आत एक प्रश्न हमखास विचारतो : “निबंध कोठे पाठवावा?” प्रश्न रास्त आहे आणि मार्गदर्शकाने त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. परंतु या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न उभा असतो, तो मात्र क्वचितच कोणी विचारतो. हा निबंध कोणाला उद्देशून लिहिला आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या यादीत सापडते; दुसऱ्याचे उत्तर निबंधाच्या वाक्यावाक्यात असावे लागते. आपल्याकडील सामाजिक शास्त्रांतील बऱ्याचशा निबंधांचे दुर्बलत्व पहिल्या प्रश्नाने दुसऱ्याची जागा बळकावली यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हे मत तपासून पाहण्यासाठी समाजशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाचा जन्म आणि त्या जन्मामागील निबंधवाचनाची परंपरा यांचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान आहे. तेव्हा समाजशास्त्रातील सिद्धांतांवर निर्णय देण्याचा अधिकार तो सांगू इच्छीत नाही. परंतु शोधनिबंध हा शेवटी एक भाषिक व्यवहार आहे. त्यात कोणी तरी कोणाला तरी काही तरी सांगत असतो. सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि सांगण्याची रीत कोणती, हे प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेत निश्चित येतात.

२

पुण्याच्या ईशान्येस, नगर रस्त्यावर, लोणीकंद हे गाव आहे. पेशवाई बुडाल्यावर थोड्याच अवधीत थॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने या गावाची पाहणी केली. गावची जमीन, शेतकरी, पाटील-कुळकर्णी, बलुतेदार, घरे, अन्न, वस्त्रे, कर्ज अशा अनेक गोष्टींची त्याने नोंद घेतली. त्याचा हा निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात १८२३ साली छापून निघाला. ही सोसायटी सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये स्थापिली होती. महाराष्ट्रातील एका गावावर लिहिलेला आणि विद्वत्सभेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हा बहुधा सर्वांत जुन्या निबंधांपैकी एक होय.

या निबंधाचे श्रोते कोण होते, हे सांगणे अवघड नाही. ते मुंबईतील इंग्रज अधिकारी, न्यायाधीश, वैद्य व व्यापारी होते. नुकत्याच हाती आलेल्या मुलखाची माहिती त्यांस हवी होती. कोट्सचे लेखन त्या गरजेला अनुरूप आहे. ज्यांच्याविषयी ते आहे त्या लोणीकरांना ते वाचता येणे शक्य नव्हते, आणि त्यांनी ते वाचावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लेखकाला आपला वाचक ठाऊक होता, आणि म्हणून काय समजावून सांगावयाचे व काय गृहीत धरावयाचे, हेही त्याला ठाऊक होते. त्या निबंधाचे आजचे मोल या नेमकेपणात आहे.

पुढे पुण्यात वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या सभांतून निबंध वाचले जात आणि मग ते इतिवृत्तांत छापले जात. येथे भाषा मराठी होती आणि श्रोतेही मराठी होते. निबंध वाचणारा उभा राही, समोर त्याच विषयात मुरलेली चार माणसे बसत, कागद खोटा असेल वा तिथी चुकली असेल तर तेथल्या तेथे हटकले जाई. मराठीत ‘वाचणे’ हे क्रियापद मोठ्याने वाचून दाखविण्यासही लावतात आणि मनातल्या मनात वाचण्यासही. “त्याने निबंध वाचला” या वाक्यातील ‘तो’ लेखक असू शकतो, तसाच वाचकही. एका काळी विद्वत्सभेत या दोन्ही क्रिया एकाच दालनात, एकाच वेळी घडत होत्या, आणि हे क्रियापद त्या स्थितीला चपखल बसत होते.

याच्या उलट टोकाला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ ठेवावी. १८७४ मध्ये निघालेल्या या मासिकाचे ८४ अंक झाले, आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर एकट्या विष्णुशास्त्र्यांनी लिहिला. मराठी गद्याला तिने जो पीळ दिला त्याविषयी मतभेद नाही. पण ‘निबंध पाठविणे’ ही कल्पनाच तेथे जवळजवळ संभवत नव्हती. संपादक, लेखक आणि परीक्षक एकच होता. आपल्या वैचारिक लेखनावर या दोन्ही परंपरांचा ठसा आहे. एकीत चारचौघांसमोर वाचून तावून-सुलाखून घेणे, दुसरीत एकहाती, ठाम, वक्तृत्वपूर्ण प्रतिपादन. शोधनिबंधाला पहिली परंपरा जवळची; आपल्या हाताला मात्र दुसरीचे वळण अधिक आहे.

३

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९२४ मध्ये त्याची सूत्रे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये मूळचे मालवणचे. केंब्रिज येथे रिव्हर्स यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि रिव्हर्स यांच्या १९२२ मधील निधनानंतर ते हॅडन यांच्या मार्गदर्शनाने पुरे केले. जाति व वंश यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये ते निवृत्त झाले. तोपर्यंत इरावती कर्वे, म. न. श्रीनिवास, अ. र. देसाई अशी विद्यार्थ्यांची मोठी मांदियाळी त्यांच्या विभागातून बाहेर पडली होती.

विभाग होता, प्रबंध लिहिले जात होते, पण या विषयाला वाहिलेले स्वतःचे नियतकालिक नव्हते. शिकागो येथे समाजशास्त्राचा विभाग १८९२ मध्ये निघाला आणि तीनच वर्षांनी, १८९५ मध्ये, अल्बियन स्मॉल यांच्या संपादकत्वाखाली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’ सुरू झाले. मुंबईत विभाग आणि नियतकालिक यांमध्ये ३३ वर्षांचे अंतर पडले. मधल्या काळात अभ्यासक आपले निबंध शेजारच्या शास्त्रांच्या दारी नेत होते. शरच्चंद्र रॉय यांनी रांची येथून १९२१ मध्ये सुरू केलेले ‘मॅन इन इंडिया’ मानवशास्त्राचे होते. पुण्यात इरावतीबाईंचे नातेसंबंधांवरील निबंध भांडारकर संस्थेच्या ‘अ‍ॅनल्स’मध्ये आणि डेक्कन कॉलेजच्या बुलेटिनमध्ये, म्हणजे प्राच्यविद्येच्या सोबतीने, प्रसिद्ध झाले. या सोबतीने त्यांच्या निबंधांचे रूपही घडविले. वेदांतील व महाभारतातील नातेवाचक शब्दांपासून सुरुवात करून हयात माणसांच्या नात्यांपर्यंत येणे ही जी त्यांची पद्धत, ती पुण्यातील वाचकवर्गाला ओळखीची होती.

डिसेंबर १९५१ मध्ये घुर्ये यांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. ते तिचे संस्थापक अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये तिचे मुखपत्र म्हणून ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ निघाले. प्रारंभी ते वर्षातून दोनदा, मार्च व सप्टेंबरमध्ये, प्रसिद्ध होत असे. २००४ पासून वर्षाला तीन अंक निघू लागले. १९६७ मध्ये ही सोसायटी आणि ऑल इंडिया सोशिऑलॉजिकल कॉन्फरन्स यांचे एकीकरण झाले आणि सोसायटीचे केंद्र मुंबईहून दिल्लीस गेले. एका विभागाभोवती जमलेल्या मंडळीचे मुखपत्र अशा रीतीने अखिल भारतीय झाले.

या घटनाक्रमातून एक गोष्ट ध्यानात यावी. आधी मंडळी जमली, मग त्यांचे पत्रक निघाले. परस्परांचे लेखन वाचणारा, एकमेकांस चुका दाखविणारा समूह आधी अस्तित्वात होता. फ्रान्समध्ये दुर्खीम यांनी १८९८ मध्ये ‘लानी सोशिऑलोजिक’चा पहिला खंड काढला, त्यात तर स्वतंत्र निबंधांपेक्षा ग्रंथपरीक्षणांनाच फार मोठी जागा होती. अन्यत्र काय लिहिले जात आहे हे वाचणे, पारखणे आणि वर्गवारीने मांडणे हे त्या मंडळींनी आपले पहिले काम मानले. १९५७ मध्ये लुई द्युमाँ व डेव्हिड पोकॉक यांनी ‘काँट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी’ सुरू केले, तेही भारतीय समाजाचा अभ्यास कसा करावा या वादाला तोंड फोडूनच. नियतकालिक ही निबंधांची वखार नव्हे. ती चालू असलेल्या चर्चेची बैठक आहे. बैठकीत उशिरा येणाऱ्याने आधी थोडा वेळ ऐकावे आणि मग बोलावे, हा साधा शिष्टाचार आहे. निबंध पाठविणाऱ्यासही तो लागू आहे.

४

सभेतील निबंधवाचनाची जागा आता टपालाने, आणि पुढे संगणकाने, निबंध पाठविण्याने घेतली आहे. लेखकाचे नाव काढून टाकलेली प्रत परीक्षकाकडे जाते, परीक्षकाचे नाव लेखकास कळत नाही. या पद्धतीचा लाभ उघड आहे. लहान गावच्या महाविद्यालयातील अध्यापक आणि मोठ्या विद्यापीठातील प्राध्यापक यांचे निबंध निदान तत्त्वतः एकाच तराजूत पडतात. नाव, आडनाव व त्यावरून ओळखू येणारी जात ज्या समाजात इतक्या गोष्टी ठरवितात, तेथे हा लाभ लहान नव्हे.

परंतु याची एक किंमतही आहे. समोरचा श्रोता नाहीसा झाला की लेखक हळूहळू कोणालाच उद्देशून लिहीनासा होतो. याचा परिणाम भाषेत दिसतो. मराठीत तर हा प्रश्न व्याकरणाच्या पातळीवरच उभा राहतो. “मी त्या गावी सहा महिने राहिलो” किंवा “राहिले” असे लिहिताच लेखक पुरुष की स्त्री हे उघड होते. अनामिकता राखावयाची तर “राहून पाहणी केली” असे काही तरी म्हणावे लागते, नाही तर ‘प्रस्तुत लेखक’ या शब्दाचा आडोसा घ्यावा लागतो, आणि तोही रूढीने पुल्लिंगीच. परीक्षकाची अडचण वेगळी. लेखकाला उद्देशून ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आपण’, की “लेखकाने असे करावयास हवे होते” असे तृतीय पुरुषी बोलावे? तिन्हींचा सूर निराळा आहे. ‘तुम्ही’त बरोबरी व थोडी कठोरता, ‘आपण’मध्ये अंतर, तृतीय पुरुषात निकालपत्राचा कोरडेपणा. आपल्याकडील अभिप्रायांत तिसरा प्रकार अधिक आढळतो, हे लक्षणीय आहे. बोलणे थांबून निकाल देणे सुरू झाल्याची ती खूण आहे.

अनामिकतेपेक्षाही अधिक हानिकारक असा एक दोष मराठी शोधनिबंधात घट्ट रुजला आहे. पुढील वाक्य पाहावे, असे वाक्य कोणत्याही अंकात सापडेल : “ग्रामीण भागात आजही जातिव्यवस्थेचा प्रभाव आढळून येतो.” ‘आढळणे’, ‘दिसणे’, ‘वाटणे’ ही क्रियापदे मराठीत अनुभवणाऱ्याला चतुर्थीत ठेवतात : मला दिसते, त्याला आढळते, आम्हांस वाटते. मराठी वाक्यरचना हे चतुर्थ्यन्त पद गाळण्यास पूर्ण मुभा देते. ते गाळले की पाहणारा वाक्यातून निघून जातो आणि पाहिलेले तेवढे उरते. कोणाला आढळले, कोणत्या गावी, कोणत्या साली, कशावरून, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर वरील वाक्य देत नाही. असे वाक्य खोटे ठरूच शकत नाही, आणि जे खोटे ठरू शकत नाही त्याचे परीक्षण करणेही शक्य नाही. उत्तम परीक्षकही अशा निबंधापुढे हतबल होतो. मग तो संदर्भसूची, समासातील अंतर आणि शुद्धलेखन तपासू लागतो. परीक्षण यांत्रिक झाले अशी तक्रार आपण करतो तेव्हा या अवस्थेतील आपला वाटाही मान्य केला पाहिजे.

उलट त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) पाहावा. आत्रे कोणत्याही विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातील नव्हते. महसुली कामातील अनुभव हे त्यांचे भांडवल. त्यांच्या कित्येक मतांशी आज सहमत होता येणार नाही. परंतु वतन, बलुते, आलुते, हक्क, मानपान यांतील प्रत्येक गोष्ट तेथे स्वतःच्या नावाने उभी आहे. कोण कोणाला काय देतो, केव्हा देतो आणि का देतो, हे वाचकास कळते. म्हणून त्यांच्याशी वाद घालता येतो. शास्त्रीय लेखनाची पहिली कसोटी त्याच्याशी वाद घालता यावा ही आहे.

५

आता भाषेच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ मालवणच्या माणसाच्या पुढाकाराने मुंबईत निघाले, पण निघाले ते इंग्रजीत. यात दोष काढण्याचे कारण नाही. मुंबईतील अभ्यासकाला लखनौ, म्हैसूर आणि कलकत्ता येथील अभ्यासकांशी बोलावयाचे होते, आणि त्या काळी दुसरी सामायिक भाषा नव्हती. आजही पुष्कळ अंशी नाही. प्रश्न असा आहे की, सामग्री मराठीत गोळा करावयाची आणि निबंध इंग्रजीत पाठवावयाचा, या प्रवासात काय गमावले जाते व काय मिळते?

नातेवाचक शब्दांचे उदाहरण घेऊ. मराठीत चुलत, आते, मामे आणि मावस अशी भावंडांची चार प्रकारची नाती स्वतंत्र शब्दांनी सांगितली जातात. इंग्रजीतील ‘कझिन’मध्ये ही चारही बुडतात. मानवशास्त्राने ही उणीव ओळखून ‘क्रॉस-कझिन’ अशी संज्ञा केली. तीत आते आणि मामे ही दोन येतात, उरलेली दोन ‘पॅरलल’मध्ये जातात. परंतु महाराष्ट्रातील बऱ्याच जातींत मामेबहिणीशी विवाह संमत, किंबहुना इष्ट असतो, तर आतेबहिणीशी सामान्यतः होत नाही. म्हणजे नेमका जो भेद येथे महत्त्वाचा, तोच ‘क्रॉस-कझिन’ या संज्ञेत पुसला जातो. मातृपक्ष व पितृपक्ष दाखविणारे विशेषण पुढे जोडावे तेव्हा तो परत मिळतो. विद्यार्थी ते विशेषण विसरतो आणि निबंधातील मुख्य वस्तुस्थिती हरवते. मराठीत मात्र ती चुलीपाशीदेखील जपलेली आहे. खेड्यातील सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते. नवऱ्याच्या दृष्टीने जी मामेबहीण, तिच्या दृष्टीने सासू ही खरोखरच आत्या. प्रत्यक्षात नाते नसले तरी संबोधन टिकून आहे.

असेच ‘भावकी’चे. एका विद्यार्थ्याच्या इंग्रजी निबंधात या शब्दासाठी ‘ब्रदरहुड’ असा पर्याय योजलेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. बंधुभावाची ती सौम्य छटा पाहून भावकीत बांधावरून दोन पिढ्या कज्जा चालविलेल्या कोणाही माणसास हसू आवरणार नाही. एका मूळपुरुषाचे वंशज, सामायिक जमिनीचे वाटेकरी, सुतकाचे भागीदार आणि म्हणूनच कोर्टातील प्रतिवादी, हे सगळे त्या एका शब्दात आहे. सोयरे त्याहून वेगळे. ‘नातेवाईक’ म्हणताच दोन्ही एक होतात.

तथापि येथे दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडली पाहिजे. ‘मामेबहीण’ हा शब्द कितीही नेमका असला तरी केवळ त्याच्या बळावर महाराष्ट्राची तुलना कर्नाटकाशी किंवा राजस्थानाशी करता येत नाही. तुलनेसाठी कोणत्याच एका प्रांताची नसलेली संज्ञा लागते. इरावतीबाईंचे थोरपण येथेच दिसते. १९५३ मधील नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी भारताचे विभाग पाडून महाराष्ट्राची व्यवस्था उत्तर व दक्षिण यांच्या मध्ये कोठे बसते ते दाखविले. हे काम मराठीतील शब्द नीट ऐकल्यावाचून झाले नसते, आणि केवळ मराठीत राहूनही झाले नसते. त्याच सुमारास, १९५१ मध्ये, ‘मराठी लोकांची संस्कृती’ हा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. दोन वाचकवर्ग त्यांनी सारख्याच गांभीर्याने मानले. एकासाठी शास्त्र आणि दुसऱ्यासाठी ‘सुलभीकरण’ अशी विभागणी त्यांनी केली नाही.

म्हणून मराठी की इंग्रजी हा वाद ज्या रीतीने घातला जातो ती रीतच चुकीची वाटते. मूळ संज्ञा निबंधात तशीच ठेवावी, पहिल्या उल्लेखाच्या वेळी तिचा अर्थ दोन-तीन वाक्यांत उलगडावा, आणि मगच तुलनेची संज्ञा आणावी. हे पथ्य पाळले तर इंग्रजी निबंधही मराठी सामग्रीशी प्रामाणिक राहतो. परीक्षक कोठलाही असो, जिचा अर्थ उलगडून सांगितला आहे अशा परक्या शब्दाला तो सहसा हरकत घेत नाही. घेतो ती अर्धवट भाषांतराला.

६

हे सारे विवेचन ज्या परिस्थितीत वाचले जाईल तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्यापूर्वी एक तरी शोधनिबंध प्रसिद्ध होणे आवश्यक ठरविले. २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकांशी, आणि गुणांक प्रसिद्ध निबंधांशी जोडले. हेतु वाईट नव्हता. पण निबंधांची मागणी एकाएकी वाढली आणि ती पुरविणारी दुकाने निघाली. शुल्क भरावे, आठवड्यात स्वीकृतिपत्र घ्यावे, असा व्यवहार सुरू झाला. २०१७ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली, तीतही ही दुकाने शिरली.

या गोष्टीचा छडा लावण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या यादीतील नियतकालिकांचा नमुना घेऊन तपासणी केली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या व अन्य निर्देशसूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असे त्यांस दिसून आले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे ‘केअर’ या नावाने नवी यादी करण्याचे काम सुरू झाले आणि त्याचे विश्लेषणकेंद्रही पुणे विद्यापीठातच होते. २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वीच्या निबंधाची सक्ती काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद झाली.

यादी गेली, तेव्हा आता निर्णय आपल्यावर आला आहे. ही आपत्ति नव्हे. हीच मूळची स्थिती होती. १९५२ साली घुर्ये यांच्या सोबत्यांना कोणतीही यादी पाहावी लागली नाही, कारण आपले वाचक कोण आहेत हे त्यांस माहीत होते. १९४९ मध्ये मुंबईत निघालेल्या ‘इकॉनॉमिक वीकली’त श्रीनिवासप्रभृतींनी खेड्यांवरील लेख दिले, ते त्या साप्ताहिकाला गुणांक होते म्हणून नव्हे, देशाच्या प्रश्नांचा विचार करणारा वाचक तेथे होता म्हणून. यादीचा आधार सुटताच ज्यास काय करावे ते सुचत नाही, त्याने आजवर वाचकासाठी लिहिले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

मराठीतील नियतकालिकांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १९४७ पासूनचे ‘नवभारत’, पुण्याची ‘समाज प्रबोधन पत्रिका’, आमच्या विषयापुरते १९८३ पासूनचे ‘भाषा आणि जीवन’, ही परंपरा अल्प नाही. पण आपण ती मान्यतेसाठी वापरतो, वाचत नाही. ज्या अंकात आपला निबंध आला त्या अंकातील इतर निबंध किती लेखकांनी वाचले असतील? मराठी निबंधांच्या संदर्भसूचीत मराठी निबंधांचा उल्लेख किती वेळा येतो? ज्या भाषेतील अभ्यासक एकमेकांचा हवालाच देत नाहीत, त्या भाषेत ज्ञानाची चर्चा चालू आहे असे म्हणता येणार नाही. तेथे फक्त स्वगते चालू आहेत. ‘निबंधमाले’चे स्वगत एका समर्थ लेखकाचे होते. शंभर दुबळ्या स्वगतांचा अंक हे तिचे वारसदारत्व नव्हे.

७

या विवेचनातून विद्यार्थ्याच्या उपयोगाचे जे निघते ते थोडे आणि साधे आहे. निबंध पाठविण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे निदान तीन वर्षांचे अंक वाचावेत आणि तेथे चाललेल्या कोणत्या चर्चेत आपण उतरत आहोत ते पहिल्या पानावर सांगावे. ‘आढळून येते’ असे लिहिताच थांबून, कोणाला, कोठे, केव्हा, हे विचारावे. मूळ संज्ञा गमावू नये. पाठविण्याआधी निबंध विभागातील चार माणसांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. अनामिक परीक्षक जे विचारणार त्यातील अर्धे तेथेच विचारले जाईल. आणि निबंध परत आला तर अभिप्राय दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात राग ऐकू येतो, दुसऱ्यात मजकूर.

अध्यापकांसाठीही एक गोष्ट आहे. परीक्षणासाठी निबंध आला असता तो महिनोन्महिने टेबलावर पडू देणे आणि अखेरीस दोन ओळींत नाकारणे, हा मंडळाच्या सभेत बोलावून श्रोत्यांनी उठून जाण्यासारखा प्रकार आहे. परीक्षण हे लेखनाइतकेच विद्येचे काम आहे. त्यास गुणांक नसतील, नसोत.

घुर्ये यांनी निवृत्तीनंतर १९६० मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा विषय लोणीकंद हे गाव होता. कोट्सच्या पाहणीनंतर सव्वाशे वर्षांनी गाव किती बदलले, हे त्यांनी तेथे दाखविले. एका इंग्रज वैद्याने सोसायटीपुढे ठेवलेल्या निबंधाला मालवणच्या समाजशास्त्रज्ञाने इतक्या कालावधीने दिलेले हे उत्तर होते. चर्चा म्हणतात ती याला. कोट्सने नेमके लिहिले म्हणून घुर्ये यांस त्याच्याशी ताडून पाहता आले. त्यानंतरही सहा दशके उलटून गेली आहेत. नगर रस्ता रुंद झाला आहे, गावाच्या जमिनीचा भाव आणि उपयोग बदलला आहे, भावकीचे कज्जे नव्या कारणांनी चालू आहेत. आता त्या गावची मुले-मुली आपल्याच वर्गात येऊन बसतात. तिसरा निबंध त्यांच्यापैकी कोणी लिहिला, इंग्रजीत लिहून बैठकीत मांडला आणि मराठीत लिहून गावात वाचला, तर १८२३ पासून अपुरा राहिलेला एक श्रोतृवर्ग प्रथमच पुरा होईल.